ब्लॅक बुक यंत्रानं लिहिलं, आता व्हायवात काय विचारायचं?

ताई, नमस्कार.

मी मुलुंडच्या एका महाविद्यालयात बीएमएस आणि बीकॉमच्या मुलांना मार्केटिंग आणि ऑपरेशन्स शिकवते. पंधराएक वर्षं झाली. यंदा तिसऱ्या वर्षाची ब्लॅक बुकं, म्हणजे मुलांचे बांधलेले प्रोजेक्ट अहवाल, तपासायला घेतली आणि हातपायच गळाले. वर्गात साठ मुलं, विषय वेगवेगळे, पण प्रस्तावना सगळ्या एकाच साच्यातल्या. शंभर जणांचं सर्वेक्षण केल्याचे रंगीत तक्ते आहेत आणि 'हे शंभर जण तुला कुठे भेटले?' असं विचारलं की मुलं खाली बघतात.

आमच्याकडे एआयनं लिहिलेलं पकडणारं एक सॉफ्टवेअर आणलंय. त्यात सगळ्यात जास्त टक्के निघाले भांडुपच्या एका मुलाच्या फाइलला. तो मराठी माध्यमातून आलेला आहे. म्हणतो, वाक्यं मी स्वतः जुळवली. मला ते खरं वाटतं, कारण त्याचं वहीतलं कच्चं लिखाण मी पाहिलंय. प्राचार्य म्हणतात, नियम सगळ्यांना सारखा, शून्य द्या. पुढच्या आठवड्यात गुण भरायचे आहेत.

स्टाफरूममध्ये दोन तट पडलेत. एक म्हणतो पूर्ण बंदी घाला, दुसरा म्हणतो कॅल्क्युलेटर आला तेव्हाही असंच झालं होतं, वापरू द्या. पुढच्या वर्षीच्या आखणीच्या समितीत मला घेतलंय. पण खरं सांगू? मी जे शिकवते ते दहा सेकंदांत मोबाइलवर मिळतं. मुलांनी माझ्या तासाला का बसावं, याचं उत्तर मलाच सापडत नाही.

– एक प्राध्यापिका, मुलुंड

नमस्कार मॅडम,

आधी भांडुपच्या मुलाचं बघू. समिती, अभ्यासक्रम हे सगळं महिनाभर थांबू शकतं, त्याचे गुण थांबू शकत नाहीत.

त्याला शून्य देऊ नका, आणि प्राचार्यांनाही तसं लेखी कळवा. तुमच्या हातात भक्कम कारण आहे. चॅटजीपीटी ज्या ओपनएआय कंपनीनं काढलं, तिनंच जानेवारी २०२३ मध्ये एआयचं लिखाण ओळखणारं साधन बाजारात आणलं होतं. नेम लागत नाही म्हणून जुलैमध्ये ते गुंडाळलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशा सात साधनांना इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतले निबंध दिले. माणसांनी लिहिलेल्या त्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून जास्त निबंध या साधनांनी एआयच्या नावावर टाकले. अमेरिकी शाळकरी मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे सुटले.

असं का होतं, ते प्राचार्यांना समजावून सांगा. यातली बरीच साधनं मुख्यतः एकच गोष्ट मोजतात: पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो. ज्याचा शब्दसाठा मोठा, तो अनपेक्षित शब्द टाकतो आणि सुटतो. ज्यानं आठवी-नववीपासून 'ठरावीक वाक्यं पाठ कर, चूक होणार नाही' हे ऐकत इंग्रजी शिकलंय, त्याची वाक्यं सरळ, ओळखीची, बिनचूक येतात, आणि नेमकी तीच यंत्रासारखी वाटतात. म्हणजे तुमच्या त्या मुलानं घेतलेल्या मेहनतीचीच त्याला शिक्षा होतेय. दुसरीकडे, ज्याच्याकडे पैसे आहेत तो एआयचं लिखाण 'माणसासारखं' करून देणाऱ्या दुसऱ्या ॲपमधून फाइल फिरवून घेतो आणि त्याच्या फाइलला एआयचे शून्य टक्के निघतात. प्राचार्य ज्याला सारखा नियम म्हणतायत तो इथे सारखा लागतच नाही.

त्याला बोलवा, वही समोर ठेवा आणि त्याच्या प्रोजेक्टवर त्याच्याशी मराठीत बोला. काय पाहिलंस, कोणाला भेटलास, हा आकडा कुठून आला, हा निष्कर्ष तुला पटतो का. जे उत्तर येईल त्यावर गुण द्या. आणि हे एकट्या त्याचं करू नका. साठही जणांचं करा, नाहीतर त्याला वेगळं काढून उभं केल्यासारखं होईल. तीन वर्षं मान खाली घालून अभ्यास केलेल्या मुलाला शेवटच्या वर्षी चोर ठरवलं तर तो शिक्षणावरचा विश्वासच गमावून बसेल. त्याची भरपाई पुढे कुठल्याही पुरवणी परीक्षेत होत नाही.

आता तुमच्या स्टाफरूमकडे येते. बंदी टिकणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. मुलगा डोंबिवली लोकलमध्ये उभ्या उभ्या मोबाइलवर असाइनमेंट उरकतो, तिथे तुमची बंदी कुठे पोचणार? पण कॅल्क्युलेटरचा दाखलाही मला पटत नाही. कॅल्क्युलेटर गुणाकार करून द्यायचा, गुणाकार कशाचा करायचा हे तुम्हालाच ठरवावं लागायचं. हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली आलं तेव्हा खतावणी आपोआप व्हायला लागली, पण कुठली नोंद नावे आणि कुठली जमा, हे डोक्यातच ठेवावं लागलं. आत्ताचं हे साधन मांडणी करतं, कारणं देतं, निष्कर्ष काढतं आणि वर आत्मविश्वासानं बोलतं. विचार केल्याचा पूर्ण आभास तयार मिळतो. त्यामुळे 'होतंय ते होऊ द्या, मुलं शिकतील' हे धोरण बंदीइतकंच घातक आहे, माझ्या मते थोडं जास्तच.

ब्लॅक बुकाबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. ते आजारी पडलं ते एआयमुळे नाही. कॉलेजांच्या आसपासच्या झेरॉक्सच्या दुकानांत तयार प्रोजेक्ट मिळत होते, नाव आणि रोल नंबर बदलून सोनेरी अक्षरांत बांधून मिळत होते, हे आपल्या क्षेत्रात कोणाला माहीत नव्हतं? गूगल फॉर्म मित्रांच्या ग्रुपवर टाकून शंभर उत्तरं गोळा करायची आणि त्यावर पाय चार्ट काढायचा, ही रीत एआयच्या आधीची आहे. आपण ऐंशी पानं मोजली, बांधणी पाहिली, सही केली. यंत्रानं फक्त ती ऐंशी पानं फुकट करून टाकली. जे फुकट झालंय त्याला गुण देणं थांबवायचं, एवढीच पहिली पायरी आहे.

मग गुण कशाला? इथे एक अभ्यास तुमच्या समितीपुढे ठेवण्यासारखा आहे. २०२३ मध्ये हार्वर्ड आणि इतर काही विद्यापीठांच्या संशोधकांनी बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपच्या ७५८ सल्लागारांवर प्रयोग केला. नवं उत्पादन सुचवणं, बाजारपेठेचे गट पाडणं, जाहिरातीचा मजकूर लिहिणं अशा कामांत ज्यांच्याकडे एआय होतं त्यांनी काम सुमारे २५ टक्के लवकर उरकलं आणि दर्जाही खूप वर गेला. पण त्यांना आणखी एक काम दिलं होतं. एका कंपनीचे आकड्यांचे तक्ते आणि तिच्या माणसांच्या मुलाखती, दोन्ही वाचून सल्ला द्यायचा. नुसते तक्ते पाहिले तर एक उत्तर दिसायचं, मुलाखती नीट वाचल्या तर ते उत्तर चुकीचं निघायचं. या कामात एआय वापरणाऱ्यांचं उत्तर बरोबर येण्याचं प्रमाण एआय न वापरणाऱ्यांपेक्षा १९ टक्के बिंदूंनी कमी भरलं. हे सगळे नामांकित संस्थांतून शिकलेले, व्यवसायात मुरलेले लोक होते. उत्तर देखणं होतं म्हणून त्यांनी ते उलटून पाहिलं नाही.

माणसं जे बोलतात आणि कागदावर जे दिसतं, त्यातला फरक ओळखणं. मॅडम, व्यवस्थापनाच्या शिक्षणात आज शिकवण्यासारखं सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे असं मला मनापासून वाटतं, आणि त्यासाठी मुंबईसारखं शहर नाही. हे शहर आपण वर्गाबाहेर ठेवलं आणि आत अमेरिकी कंपन्यांच्या केसेस वाचल्या.

एक उदाहरण जरा सविस्तर देते, तुम्हाला तसंच उचलता येईल.

मार्च ते मे या काळात मुलांना लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत पाठवा. त्याआधी वर्गात बसून एआयला विचारायला सांगा: 'मुंबईतल्या मसाला कांडून देणाऱ्या डंकाचा धंदा कसा वाढवावा?' उत्तर झटपट येईल, नीट मुद्दे पाडलेलं. ग्राहकांचा थांबण्याचा वेळ कमी करा, ॲपवर वेळ राखून द्या, तयार पाकिटं ठेवा, घरपोच सेवा द्या, इन्स्टाग्रामवर रील टाका, जुन्या ग्राहकांना सवलत द्या. एकही मुद्दा वरवर पाहता चुकीचा नाही. तुमच्या जुन्या पेपरात याला दहापैकी आठ गुण पडले असते.

मग मुलांना डंकापाशी दोन-तीन तास उभं राहू द्या. त्यांना काय दिसेल? बाई बेडगी रंगासाठी घेते, लवंगी तिखटासाठी, संकेश्वरी आणखी कशासाठी, आणि प्रमाण तिच्या सासूनं सांगितलेलं असतं. मालवणी घराचं प्रमाण वेगळं, आगरी घराचं वेगळं, सीकेपी घराचं आणखी वेगळं. मिरच्या आणि गरम मसाला भाजून झाला की ती नंबर लावते आणि आपला नंबर येईपर्यंत तिथून हलत नाही. मसाला डंकात पडल्यावर तर अजिबातच हलत नाही. डोळ्यांतून पाणी, नाकाला पदर, पण नजर डंकावर. का? कारण आपल्याच मिरच्या आपल्याला परत मिळाव्यात, आधीच्या बाईचं जाळ तिखट आपल्यात मिसळू नये, वजनात घट येऊ नये, म्हणून. वर्षभराचा मसाला आहे, घरातली दहा माणसं तो वर्षभर खाणार आहेत.

म्हणजे एआय ज्याला 'थांबण्याचा वाया जाणारा वेळ' म्हणालं, तोच इथला भरवसा आहे. बाई पैसे मोजते ते स्वतः उभं राहून बघता येतं म्हणून. घरपोच पाकीट तर तिला कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडेही मिळतं, त्यासाठी ती बदलापूरहून लालबागला येत नाही. थांबण्याचा वेळ कमी करण्याचा सल्ला मालकानं जसाच्या तसा पाळला तर त्याचं वेगळेपणच जाईल. कदाचित बसायला बाक, पंखा आणि पाण्याची सोय एवढीच खरी सुधारणा असेल. कदाचित नसेल. ते मुलांनी ठरवायचं, आणि का ते तुम्हाला पटवून द्यायचं.

इथून पुढे ऑपरेशन्सचा तुमचा सगळा पेपर उलगडतो. हंगाम तीन महिन्यांचा, भाडं आणि मशीन बारा महिन्यांचं. जुलैमध्ये हा डंक काय करतो? कामगार गावी जातात का, पुढच्या हंगामात तेच परत येतात का? मे महिन्यात रांग रस्त्यावर येते म्हणून दुसरा डंक घ्यावा का? शेजारच्या डंकावर रांग नाही, याच्याकडे आहे, भाव तर सारखाच, मग फरक कशाचा? यातलं काहीही इंटरनेटवर लिहिलेलं नाही. मालक पहिल्या दिवशी सांगणारही नाही. तो म्हणेल, पोरा, धंद्याच्या टायमाला डोकं खाऊ नको. मग दुपारी दोनला जावं लागतं, चहा घ्यावा लागतो, आपण आयकरवाले नाही हे पटवावं लागतं. माहिती मिळवण्याचं हे कौशल्य कुठल्या सेमिस्टरला शिकवतो आपण?

आणि मग एआय परत हातात द्या. आता ते खरोखर उपयोगी आहे. मुलांनी आणलेले आकडे घालून दुसरा डंक किती किलो कांडल्यावर परवडेल, हंगाम पंधरा दिवसांनी आखडला तर काय, विजेचा दर वाढला तर काय, हे सगळं ते मिनिटांत मांडून देईल. मालकाला मुद्रा कर्जासाठी अर्ज करायचा असेल तर धंद्याची माहिती देणारा कागद नेटका लिहून देईल. पूर्वी यात मुलांचे दोन आठवडे जायचे आणि एक्सेलशी झटापट करण्यातच दम संपायचा. तो वेळ आता गल्लीत घालवता येतो. शंभर खोट्या फॉर्मऐवजी आठ खऱ्या माणसांशी झालेलं बोलणं आणा, असा नियम करा. प्रत्येकाची तारीख, वेळ, जागा, आणि त्या माणसानं सांगितलेली एक तरी अशी गोष्ट जी यंत्राच्या उत्तरात नव्हती.

शेवटी दोन पानं हातानं लिहून घ्या, वर्गात बसून: यंत्रानं काय बरोबर सांगितलं, काय चूक सांगितलं, आणि मी कोणत्या सल्ल्यावर माझ्या नावानं सही करीन. ऐंशी पानांचे गुण या दोन पानांना द्या.

तुमचे अकाउंटिंगचे सहकारी म्हणतील, आमच्याकडे लालबाग नाही, आमच्याकडे नियम आहेत आणि नियम यंत्राला पाठ असतात. त्यांना हा प्रश्न देऊन बघायला सांगा. दादरच्या एका दुकानदारानं एका छोट्या पुरवठादाराचं बिल ४० दिवसांनी चुकतं केलं, मधे मार्च संपला. त्या वर्षी हा खर्च करपात्र उत्पन्नातून वजा मिळेल का? सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी थकवणाऱ्यांसाठी आयकर कायद्याच्या कलम ४३बी मध्ये (एच) हे पोटकलम आलं आणि आकारणी वर्ष २०२४-२५ पासून लागू झालं. घाईचं उत्तर असं येतं: मुदत ४५ दिवसांची, ४० दिवसांत दिले, वजावट मिळेल. पण ४५ दिवस मिळतात ते लेखी करार असेल तर. करार नसेल तर २००६ च्या एमएसएमई कायद्यानं मुदत १५ दिवसांचीच आहे. आणि त्याही आधीचा प्रश्न: पुरवठादार माल बनवतो की नुसता घेऊन विकतो? नुसता व्यापारी असेल तर उद्यम ही छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी असूनही त्याला या कलमाचा आधार मिळत नाही. शिवाय १ एप्रिल २०२६ ही नव्या आयकर कायद्याच्या अंमलबजावणीची तारीख, त्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत, आणि यंत्र जुना क्रमांक सांगतंय की नवा, हे तपासणाऱ्यालाच कळणार.

हल्लीची साधनं हे सगळे फाटे स्वतःहूनही सांगतील कधी कधी. पण 'लेखी करार आहे का?' हा प्रश्न दुकानदाराला विचारायचा कोणी? तो म्हणेल, करार कसला, वीस वर्षांचा संबंध आहे. हे वाक्य कानावर पडल्यावर ज्या मुलीच्या डोक्यात '१५ दिवस' लखकन येतं, ती अकाउंट्स शिकली.

इथेच प्रश्नपत्रिकेबद्दल एक सांगते. यंत्राला आज जे जमत नाही ते शोधून त्यावर पेपर काढण्याच्या फंदात पडू नका. अमेरिकेतल्या व्हार्टन या व्यवस्थापन संस्थेतले प्राध्यापक ख्रिश्चन टेरविश यांनी जानेवारी २०२३ मध्ये चॅटजीपीटीला त्यांच्या एमबीएच्या ऑपरेशन्स मॅनेजमेंटचा पेपर दिला. त्यांनी त्याला बी ते बी उणे अशी श्रेणी दिली आणि नोंदवलं की ते सहावीच्या पातळीच्या साध्या गणितांतही चुकतं. त्या वेळी कित्येकांना हायसं वाटलं, चला, गणितं घालू. ती पळवाट लवकरच बंद झाली. यंत्राच्या उणिवांवर बेतलेला अभ्यासक्रम दर सहा महिन्यांनी फेकून द्यावा लागेल. विद्यार्थ्याला काय यायला हवं यावर बेतलेला टिकेल. त्यामुळे वर्गात, कागदावर, मोबाइल बाहेर ठेवून घेतलेली लेखी परीक्षा काढून टाकू नका. मागणीचा अंदाज, नफा-तोट्याचं गणित, खेळतं भांडवल किती दिवस अडकतं हे काढणं, या गोष्टी हातानं करता आल्याच पाहिजेत. हातानं कधी केलंच नाही, तर यंत्राचं उत्तर दहा पटीनं चुकलं तरी डोळ्याला खटकत नाही. पाठांतराचे प्रश्न तेवढे काढा. मार्केटिंगचे चार पी आणि स्वॉटची व्याख्या यांना पाच-पाच गुण देणं आता कोणाच्याच हिताचं नाही.

नोकऱ्यांचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण तुमच्या मुलांच्या आईवडलांच्या मनात तेच असणार. ऐरोली, मालाड, ठाण्याची बॅक ऑफिसं, बँकांचे सेल्स एक्झिक्युटिव्ह, एमआयएस रिपोर्ट, म्हणजे वरिष्ठांसाठी आकडेवारीचे अहवाल, बनवण्याचं काम, इथून आपली मुलं सुरुवात करतात. यातलं रिपोर्ट बनवण्याचं आणि ईमेल लिहिण्याचं काम आक्रसणार हे सरळ आहे. पण एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीच्या ग्राहकसेवेतल्या पाच हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांवर अर्थतज्ज्ञ एरिक ब्रिन्योल्फसन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात एआयच्या मदतीचा सगळ्यात मोठा फायदा नवख्यांना आणि कमी कुशल असलेल्यांना झाला, मुरलेल्यांना जवळजवळ नाहीच. जाणत्यांची बोलण्याची रीत नवख्यांच्या हातात लवकर आली. मला यात तुमच्या मुलांसाठी आशा दिसते. ज्यांच्या घरात कोणी कधी कंपनीत काम केलं नाही, त्यांना 'मॅनेजरला ईमेल कसा लिहायचा', 'हा शब्द मीटिंगमध्ये वापरतात तेव्हा नक्की काय म्हणायचं असतं' हे आता विचारता येतं, आणि कोणी हसत नाही.

म्हणून मराठी माध्यमाच्या मुलांना एआयपासून लांब ठेवू नका, उलट हाताला धरून शिकवा. 'ब्रेक इव्हन मला मराठीत समजाव, भाजीच्या गाडीचं उदाहरण घेऊन' असं विचारायला सांगा. संकल्पना मराठीत पक्की झाली की इंग्रजीत लिहिणं सोपं जातं. इंग्रजीच्या धाकानं कित्येक हुशार मुलं तीन वर्षं मागच्या बाकावर गप्प बसलेली तुम्ही पाहिली असतील. त्यांना बोलतं करण्याची ही मोठी संधी आहे, ती फक्त व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, मराठीतही देता येईल असं ठरवलं तरच खरी. आणि साधन सगळ्यांना एकच द्या. कोणाकडे महिन्याचे पैसे भरून घेतलेलं, कोणाकडे फुकटातलं, असं होऊ नये. कॉलेजच्या संगणक कक्षात, तुमच्या समोर, सगळ्यांनी एकच वापरायचं.

एक ताकीद मात्र पहिल्याच दिवशी द्या. दुकानदाराची वही, ग्राहकांचे फोन नंबर, बँकेचं स्टेटमेंट यांचे फोटो काढून थेट एआयमध्ये टाकायचे नाहीत. नावं आणि नंबर काढायचे, आकडे तेवढे घ्यायचे, तेही मालकाला विचारून. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्याकडे २०२३ मध्ये झालाय, आणि कायदा नसता तरी विश्वासानं वही उघडून दाखवणाऱ्या माणसाची माहिती जपणं हा धंद्याच्या शिक्षणाचाच भाग आहे. विद्यार्थ्यानं एआय कुठे वापरलं ते शेवटच्या पानावर लिहायचं. लिहिलं म्हणून गुण कापायचे नाहीत. कापले तर पुढच्या वर्षी कोणी खरं लिहिणार नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, मुलांनी तुमच्या तासाला का बसावं. तुमच्या पत्रातच एक गोष्ट आहे. साठ फाइलींच्या ढिगातून तुम्हाला एका मुलाच्या वहीतलं कच्चं लिखाण आठवलं, आणि सॉफ्टवेअरनं काहीही म्हटलं तरी तुम्ही त्यावर ठाम राहिलात. तुमच्याकडे एक कागद होता आणि एक माणूस, दोघं वेगळं सांगत होते, आणि कोणाचं खरं ते तुम्ही माणसाला ओळखून ठरवलंत. मुलांना हेच तर शिकायचंय. तुमच्या नोट्स मोबाइलवर मिळतील, पण 'हे तुला कोणी सांगितलं, तू स्वतः पाहिलंस का?' असं डोळ्यात डोळे घालून विचारणारं माणूस मोबाइलवर मिळत नाही. तुमचे तास आता अर्धे असेच जाऊ देत. मुलगा लालबागहून किंवा मशीद बंदरहून काहीतरी घेऊन येईल आणि तुम्ही त्याला प्रश्न विचाराल, बाकीचा वर्ग ऐकेल.

समितीत आक्षेप येईल तो वेळेचा. साठ मुलांची खरी व्हायवा घ्यायची कधी? त्याचा हिशेब करून जा. एका मुलाला आठ मिनिटं धरली तर आठ तास होतात. दोन शिक्षक वाटून घेतील तर चार-चार तास, म्हणजे दोन दुपारी. ऐंशी पानांची साठ ब्लॅक बुकं म्हणजे ४,८०० पानं. ती चाळण्यात आज याहून जास्त वेळ जातोय, आणि तोही अशा मजकुरावर जो लिहिणाऱ्यानंही वाचलेला नाही. विद्यापीठाच्या लेखी परीक्षेला हात लावायचा नाही, बदल फक्त अंतर्गत गुणांच्या आणि प्रोजेक्टच्या मूल्यमापनात आहे, हे पहिल्याच ओळीत लिहा, म्हणजे प्राचार्यांची अर्धी काळजी मिटेल. पहिल्या वर्षी एकाच तुकडीवर करून बघण्याची परवानगी मागा. मसाल्याचा हंगाम मार्चमध्ये सुरू होतो, त्याआधी फेब्रुवारीत कागद मंजूर होईल असं बघा.

तुमचा मसुदा तयार झाला की मला पाठवा. व्हायवात विचारायच्या प्रश्नांची यादी मी नजरेखालून घालून देईन.